आकडा वाढला म्हणून लगेच सही करू नका

२०२५ सालच्या एप्रिलमधली गोष्ट. जयंतीनिमित्त आमच्या वस्तीतल्या विहाराच्या सभागृहात मोफत आरोग्य शिबिर भरले होते. आम्ही उद्घाटनाला गेलो, दोन शब्द बोललो आणि पोरांच्या आग्रहाखातर बाही वर करून रक्तही दिले. पोरांनी कार्यक्रम चांगला केला होता, त्यांचा मान राखायचा एवढाच हेतू. आठव्या दिवशी फोन आला. बोलणारी मुलगी फार गोड बोलत होती. "सर, तुमचा पीएसए वाढलाय, ८.६ आहे. चारच्या आत पाहिजे. आमच्या सरांची उद्याची अपॉइंटमेंट देऊ का?"

आम्ही वयाची चौसष्ट वर्षे पार केलेली. शिष्यवृत्तीवर लिहिले, खैरलांजीवर लिहिले, अनुशेषाचे आकडे तोंडपाठ. पण पीएसए म्हणजे काय हे विचारायला आम्हाला त्या मुलीचीच मदत घ्यावी लागली. कॅन्सर हा शब्द तिने उच्चारला नाही. तो आम्हीच उच्चारला, आणि पलीकडे क्षणभर शांतता पसरली.

हा लेख आम्ही आमचे दुखणे मांडण्यासाठी लिहीत नाही. आपल्या चळवळीत आता निवृत्त कर्मचाऱ्यांची एक मोठी फळी उभी आहे. रेल्वे, एसटी, बँका, महापालिका, टपाल खाते, शाळा. आपल्या बापजाद्यांपैकी किती जण सत्तरी पाहू शकले? आज आपले लोक सत्तरी गाठतात, पेन्शन घेतात, नातवंडांना शाळेत सोडतात. ही कमाई आहे. परंतु त्या वयाबरोबर जी दुखणी येतात त्यांच्याविषयी आपण बोलत नाही, आणि लघवीच्या दुखण्याविषयी तर मुळीच नाही. व्यासपीठावर तासभर बोलणारा माणूस डॉक्टरसमोर "रात्री पाच वेळा उठावे लागते" एवढे एक वाक्य बोलायला लाजतो.

आमचे एक जुने सहकारी होते. सफाई खात्यात नोकरी, युनियनचा खंदा कार्यकर्ता, नामांतराच्या लढ्यात तुरुंगात गेलेला माणूस. आम्ही सारे त्यांना दादा म्हणायचो. २०१६ साली त्यांची कंबर धरली. आयुष्यभर घाण उपसलेली कंबर, धरणारच, असे आम्हीही म्हणालो. त्यांनी तेल चोळले, पट्टा बांधला, कुणा वैद्याची पुडी घेतली. लघवी थेंबथेंब व्हायची, पण ते वयाचे म्हणून सोडून दिले. वर्ष असे गेले. एका सकाळी ते खाटेवरून उतरले आणि पाय जमिनीवर टेकलेच नाहीत. सरकारी इस्पितळात नेले तेव्हा प्रोस्टेटचा कॅन्सर मणक्यात उतरून मज्जारज्जूवर दाब देत होता. पीएसए शेकड्यात होता. पाय बधिर होऊन दोन दिवस उलटले होते. पहिल्या काही तासांतच धावपळ केली असती तर कदाचित पाय वाचले असते, असे डॉक्टर म्हणाले.

पुढचा प्रकार आम्ही कधी लिहिला नव्हता. वहिनींची परवानगी घेऊन आज लिहितो. या कॅन्सरचे खाद्य म्हणजे पुरुषी हार्मोन, टेस्टोस्टेरॉन. ते तोडले की हाडातला कॅन्सरही आक्रसतो. चार्ल्स हगिन्स नावाच्या डॉक्टरने हे १९४१ साली दाखवून दिले आणि १९६६ साली त्याला त्याबद्दल नोबेल मिळाले. हार्मोन तोडायचे दोन मार्ग आहेत. एक, दर महिन्याला किंवा दर तीन महिन्यांनी इंजेक्शन, तेही जन्मभर. दुसरा, वृषण काढून टाकण्याची एकच छोटी शस्त्रक्रिया, जी सरकारी इस्पितळात जवळजवळ फुकटात होते. दोन्हींचा गुण सारखाच. डॉक्टरांनी दादांना शस्त्रक्रिया सुचवली. दादा भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "मला बाईमाणूस करून घरी पाठवता काय?" लाठ्या खाल्लेला माणूस. कर्जाने पैसे काढून इंजेक्शने सुरू केली. दोन घेतली, तिसऱ्याला पैसे संपले, आणि दुखणे पुन्हा हाडात घुसले. शेवटी वहिनी सगळ्यांदेखत बोलल्या. "अहो, मला तुमचं काय हवंय ते मी सांगते. तुम्ही कण्हता ते बंद व्हायला हवंय." दादांनी सही केली. आठवडाभरात वेदना निम्म्याने उतरल्या. त्यानंतर ते चौदा महिने जगले, बिछान्यावरच, पण पेपर वाचत आणि आमच्याशी भांडत.

दादांची ही आठवण मनात घेऊनच आम्ही त्या गोड आवाजाच्या मुलीने सांगितलेल्या खाजगी इस्पितळात गेलो. नाव लिहीत नाही. चकचकीत इमारत होती, रिसेप्शनवर पाण्याच्या बाटल्या. दुसऱ्याच आठवड्यात बायॉप्सी झाली, म्हणजे सुईने प्रोस्टेटचे बारा बारीक तुकडे काढले. मे महिन्याच्या मध्यास अहवाल आला. बारापैकी एका तुकड्यात कॅन्सर, ग्लीसन ३+४=७. सर्जनसाहेब म्हणाले, "दहापैकी सात आहे काका. रोबोटने काढून टाकू. मंगळवारी जागा आहे." अंदाजपत्रक साडेपाच लाखांचे. सहीचा कागद टेबलावर, पेनाचे टोपण उघडलेले.

नेमक्या त्याच आठवड्यात बातमी झळकली की अमेरिकेचे माजी अध्यक्ष जो बायडेन यांना प्रोस्टेटचा कॅन्सर झाला असून तो हाडात पोचला आहे. वय ८२. त्यांची शेवटची पीएसए चाचणी २०१४ साली झाल्याचे त्यांच्या कार्यालयाने सांगितले. घरात टीव्हीवर ती बातमी, आणि टेबलावर आमचा कागद. मुलगा म्हणाला, "बाबा, कशाची वाट बघताय?"

आम्ही सही केली नाही. यात धैर्य वगैरे काही नव्हते. साडेपाच लाख नव्हते, हे पहिले कारण. दुसरे असे की आयुष्यभर कामगारांना आम्ही एकच सांगत आलो, न वाचता सही करू नका. आम्ही काचेचे तुकडे मागितले. ज्या काचपट्ट्यांवर ती बायॉप्सी तपासतात त्या आणि मेणाचे ठोकळे रुग्णाला मागता येतात, हे आम्हाला एका परिचित परिचारिकेने सांगितले. ते सारे पिशवीत घालून आम्ही सरकारी इस्पितळाच्या रांगेत उभे राहिलो.

रांग लांब होती. पण तिथे एका तरुण डॉक्टरने आम्हाला वीस मिनिटे दिली. ती वीस मिनिटे आम्ही इथे जमेल तशी उतरवतो.

प्रोस्टेट म्हणजे पुरःस्थ ग्रंथी. मूत्राशयाच्या खाली, लघवीच्या नळीभोवती बसलेली, अक्रोडाएवढी. वयाबरोबर ती बहुतेक पुरुषांत फुगते आणि नळी आवळते. ते फुगणे म्हणजे कॅन्सर नव्हे. नेल्सन मंडेलांचे उदाहरण घ्या. १९८५ साली कैदेत असताना त्यांच्यावर वाढलेल्या प्रोस्टेटची शस्त्रक्रिया झाली. गोऱ्या सरकारचा न्यायमंत्री तेव्हा त्यांना इस्पितळात भेटायला गेला आणि पुढच्या वाटाघाटींचे दार तिथे किलकिले झाले. ती साधी वाढ होती. कॅन्सर त्यांना निघाला तो २००१ साली, त्र्याऐंशीव्या वर्षी. सात आठवडे किरणोपचार घेतले आणि पुढे बारा वर्षे जगून पंच्याण्णवाव्या वर्षी ते गेले.

पीएसए हे या ग्रंथीने तयार केलेले एक प्रथिन. ग्रंथी फुगली तरी ते रक्तात वाढते, लघवीला जंतुसंसर्ग झाला तरी वाढते, नळी घातली तरी वाढते, आदल्या एकदोन दिवसांत शरीरसंबंध आला तरी थोडे वाढते. उलट प्रोस्टेट आक्रसवण्याची फिनास्टेराइडसारखी गोळी चालू असेल तर ते निम्मे दिसते, आणि ही गोष्ट डॉक्टरला सांगितली नाही तर खोटा दिलासा मिळतो. ४ ते १० या पट्ट्यात आकडा आलेल्या माणसांपैकी साधारण चारांत एकालाच कॅन्सर निघतो. म्हणून पहिला आकडा वाढला तर काही आठवडे थांबून तो पुन्हा करतात, मग एमआरआय, आणि त्यात संशय दिसला तरच सुई. आमच्याबाबतीत हा क्रम उलटा झाला होता.

आणि त्या सातचे काय? डोनाल्ड ग्लीसन यांनी १९६० च्या दशकात ही मोजणी बसवली. सूक्ष्मदर्शकात सर्वाधिक दिसणाऱ्या नमुन्याला एक अंक, दुसऱ्या नमुन्याला एक, दोघांची बेरीज. आता गंमत अशी की आजच्या व्यवहारात कॅन्सरचा सर्वात कमी गुणांक सहा असतो. माणूस ऐकतो दहापैकी सहा, आणि त्याला वाटते अर्ध्याहून अधिक मेलो. प्रत्यक्षात सहा म्हणजे सर्वात सौम्य. ३+४ चा सात हा मधला आणि सौम्याकडे झुकलेला, ४+३ चा सात त्याहून वाईट, आठ ते दहा खरोखर आक्रमक. बायडेन यांचा नऊ होता. शाळेतले गुण मोजायची सवय लागलेल्या आपल्या समाजाला हे कोणी समजावून सांगत नाही, आणि त्या न समजण्यावर काहींचा धंदा चालतो. आमच्या काचपट्ट्या दुसऱ्यांदा तपासल्या तेव्हा कळले की वाईट नमुना त्या एका तुकड्यात दहा टक्क्यांहूनही कमी होता.

"तिन्ही रस्ते उघडे आहेत," डॉक्टर म्हणाले. "ऑपरेशन, किरण, किंवा लक्ष ठेवून थांबणे."

थांबणे हा शब्द ऐकून आमच्या पत्नीने विचारले, "दादांचं झालं ते थांबूनच ना?" आम्हीही हेच विचारणार होतो. डॉक्टरांचे उत्तर असे की दादा थांबले नव्हते, दादांना ठाऊकच नव्हते. लक्ष ठेवणे म्हणजे दर सहा महिन्यांना किंवा त्याआधी रक्त, ठरावीक काळाने तपासणी आणि एमआरआय, वर्षभराने पुन्हा बायॉप्सी, आणि दुखण्याने पाऊल टाकले की उपचार. तारीख चुकवणाऱ्या माणसाने या रस्त्याला जाऊ नये, असेही त्यांनी बजावले. गुणांक आठच्या पुढे असता तर हा रस्ता त्यांनी आम्हाला दाखवलाच नसता.

त्यांनी इंग्लंडमधल्या प्रोटेक्ट नावाच्या अभ्यासाची माहिती दिली. १६४३ पुरुष, कॅन्सर ग्रंथीतच असलेले. चिठ्ठी टाकावी तशी त्यांची तीन गटांत वाटणी केली, शस्त्रक्रिया, किरण आणि देखरेख. पंधरा वर्षांचा निकाल २०२३ साली आला. तिन्ही गटांत मिळून प्रोस्टेट कॅन्सरने मेलेले शंभरात तीनहूनही कमी, आणि गटागटांत फरक नगण्य. पण नाण्याची दुसरी बाजूही आहे. देखरेखीच्या गटात शंभरात नऊ जणांचा कॅन्सर बाहेर पसरला, इतर दोन गटांत पाचच्या आसपास. तर शस्त्रक्रिया झालेल्यांत सहा महिन्यांनी शंभरात ४६ पुरुष लघवी गळते म्हणून पॅड वापरत होते, सहा वर्षांनीही सतरा. लैंगिक क्षमतेवर सर्वाधिक घाव शस्त्रक्रियेचाच. किरणांत गळती कमी, पण शौचाचा त्रास, कधी रक्त. म्हणजे फुकट काही नाही. हे आकडे साडेपाच लाखांच्या त्या कागदावर कुठे नव्हते.

वाचकहो, गळती हा शब्द इथे सहज लिहून गेला. ज्याला एका खोलीत सहा माणसांत झोपायचे आहे, ज्याच्या चाळीत संडास सार्वजनिक आहे, ज्याला लोकलने जाऊन दिवसभर वॉचमनच्या खुर्चीवर बसायचे आहे, त्याच्यासाठी पॅडचा खर्च आणि वासाची लाज यांचा अर्थ काय होतो? इंग्लंडमधल्या आकड्यात ती मोजलेली नाही. उलट, गावाहून दर सहा महिन्यांनी मुंबईला किंवा नागपूरला तारखेला येणे ज्याला परवडत नाही, त्याच्यासाठी देखरेख हा शहाणा मार्ग राहत नाही, एकदाच वीस दिवस किरण घेऊन मोकळे होणे बरे. पूर्वी किरणांना सात-आठ आठवडे लागत, आता अनेक ठिकाणी चार आठवड्यांत वीस बैठकांत काम होते. निर्णय शरीराचा असतो, तसा घरातल्या जागेचा आणि खिशाचाही असतो.

आता शिबिरांविषयी. आमची काही मित्रमंडळी यावर रागावतील, तरी लिहितो. चाचणी करावी की नाही यावर जगात तीस वर्षे वाद चालू आहे. १९७० साली प्रोस्टेटमधले हे प्रतिजन शोधण्याचा मान सांगणारे रिचर्ड एब्लिन हे स्वतःच सरसकट चाचणीचे कट्टर विरोधक झाले. अमेरिकेच्या तज्ज्ञ गटाने २०१२ साली सरसकट चाचणी नको म्हटले, २०१८ साली ५५ ते ६९ वयाच्या पुरुषाने डॉक्टरशी बोलून स्वतः ठरवावे म्हटले, सत्तरीनंतर नकोच. युरोपातल्या मोठ्या अभ्यासाचा २३ वर्षांचा निकाल आम्ही निर्णयाच्या उंबऱ्यावर असताना, ऑक्टोबर २०२५ मध्ये, आला. चाचणीला बोलावलेल्यांत या कॅन्सरचे मृत्यू १३ टक्क्यांनी कमी. म्हणजे ४५६ पुरुषांना बोलावले तेव्हा एकाचा मृत्यू टळला. फायदा आहे, खरा आहे, लहान आहे, आणि त्यासाठी अनेकांच्या मागे असे दुखणे लागते जे त्यांना कधी त्रासही देणार नव्हते. आपल्या सरकारच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कॅन्सरांची तपासणी आहे, प्रोस्टेटची नाही.

तेव्हा जयंतीच्या मंडपात रांगेतल्या प्रत्येक पुरुषाचा पीएसए काढणे ही समाजसेवा नव्हे. प्रयोगशाळा फुकट रक्त घेते ती कशासाठी, हा प्रश्न आपल्या संयोजकांनी विचारला पाहिजे. बत्तीस वर्षांच्या पोराचाही त्या दिवशी पीएसए काढला होता! त्याऐवजी रक्तदाब, साखर आणि गुटखा खाणाऱ्यांचे तोंड बॅटरी लावून तपासा. शंभर पटींनी उपयोग होईल. आणि पीएसए करायचाच असेल तर पन्नाशीपुढच्यांना आधी बसवून समजावून सांगा, ज्यांच्या बापाला किंवा भावाला हा कॅन्सर झाला त्यांना पंचेचाळीशीपासून वेगळे काढा, आणि आकडा वाढलेल्याला सरकारी इस्पितळापर्यंत सोबत करणारा कार्यकर्ता नेमा. रक्त काढून निघून जायचे आणि माणसाला त्या गोड आवाजाच्या हवाली करायचे, हे चालणार नाही. लघवीत रक्त, सतत कंबरदुखी, पायात अशक्तपणा, ही लक्षणे असलेल्याला मात्र हा वाद लागू नाही. त्याने शिबिराची वाटच बघू नये.

ब्लॅक पॉवरची घोषणा १९६६ साली ज्यांच्या तोंडून जगाने ऐकली ते स्टोकली कारमायकेल, पुढचे क्वामे तुरे, १९९८ साली कोनाक्रीत प्रोस्टेटच्या कॅन्सरने गेले. वय फक्त ५७. ज्या काळ्या पँथरांचे नाव घेऊन १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, त्यांच्या पिढीचा हा नेता. अमेरिकेत काळा पुरुष या कॅन्सरने गोऱ्याच्या जवळपास दुप्पट प्रमाणात मरतो. तिथले काळे लोक इस्पितळावर विश्वास ठेवायला कचरतात, त्याला कारण आहे. टस्कीगीमध्ये १९३२ पासून ४० वर्षे सुमारे चारशे काळ्या पुरुषांचा उपदंश सरकारी डॉक्टरांनी नुसता पाहत ठेवला, पेनिसिलीन हाताशी आल्यावरही दिले नाही. हे उघडकीला आले तेही १९७२ सालीच. आपल्याकडेही विटाळाच्या भीतीने नाडी न पाहणारे वैद्य होऊन गेले. अविश्वास आपल्या हाडात आहे. पण त्या अविश्वासाने दादांना वैद्याच्या पुडीकडे नेले, हेही विसरता येत नाही.

खर्चाबाबत थोडे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरवरच्या शस्त्रक्रिया आणि किरणोपचार आहेत. योजनेतल्या इस्पितळात आरोग्यमित्राचे टेबल असते, रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी तिथे जा, पैसे भरण्याआधी. धर्मादाय इस्पितळांना दहा टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्याव्या लागतात, मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केलेली ही योजना २००६ पासून आहे. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला तयार ठेवा आणि समाजसेवा अधीक्षकांना भेटा. खाट नाही म्हणाले तर लेखी मागा. लेखी मागितल्यावर खाट निघाल्याचे आम्ही दोनदा पाहिले आहे.

नोव्हेंबरमध्ये आम्ही तिसरा रस्ता धरला. लक्ष ठेवून थांबायचे. एमआरआयमध्ये कॅन्सर ग्रंथीच्या आतच दिसला, काचपट्ट्यांचा दुसरा अहवाल हाती होता, घर इस्पितळापासून एका बसवर आहे. मुलगा दोन आठवडे आमच्याशी नीट बोलला नाही. त्याच्या जागी आम्ही असतो तर आम्हीही बोललो नसतो. वहिनींना सांगायला गेलो, त्यांनी एवढेच विचारले, "तारखेला जाता ना?"

रात्री झोप लागत नाही असे अजूनही होते. कंबर जराशी दुखली की हात मणक्यावर जातो. किरण घेऊन टाकावे का, हा विचार महिन्यातून एकदा तरी डोके वर काढतो, आणि उद्या आकडा चढला तर घेऊही. फेब्रुवारीत पीएसए ८.१ आला. मुलाला आम्ही सांगून ठेवले आहे की बापाला झाले म्हणजे तुलाही पंचेचाळीशीत विचार करावा लागेल. तो म्हणाला, "आधी तुमचं बघा."

फाईल आमच्या पत्नीने कपाटातून काढून दाराजवळच्या खिळ्याला टांगली आहे, रेशनकार्डाच्या पिशवीशेजारी. पुढची तारीख वर लाल पेनाने लिहिली आहे, १० ऑगस्ट, सकाळी ८ वाजता.